समाजवाडीतली शाळा

मी त्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले तेव्हा निम्म्या खोल्यांना कुलपं होती. माझ्या आधीचे मुख्याध्यापक किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देत म्हणाले, "किल्ल्या आहेत, पण बाई, उघडू नका. वरून कौल पडलं तर जबाब तुम्हाला द्यावा लागेल."

तापीकाठचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा इंग्रजांच्या काळात बांधलेली; काळ्या दगडाच्या जाड भिंती, छप्पर तोलणाऱ्या सागवानी कैच्या, उंच कौलारू छप्पर आणि मधोमध एक मोठा हॉल. आसपासच्या गावांतली पोरं पूर्वी चालत याच शाळेत यायची, असं म्हातारी माणसं सांगत. इथे शिकलेल्यांत डॉक्टर होते, इंजिनियर होते, आणि बरेच जण गावातच राहून चांगले बागायतदार झाले होते. त्यांची नातवंडं मात्र सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून शहाद्याला इंग्रजी शाळेत जायची. बस आमच्या फाटकासमोरच थांबायची. आमची मुलं फाटकाला लटकून ती बघायची.

आमची मुलं म्हणजे केळीच्या आणि कापसाच्या शेतांवर झोपड्या करून राहणाऱ्यांची. बहुतेक पावरा आदिवासी कुटुंबं, धडगावकडून डोंगर उतरून कामासाठी आलेली. थोडी गावातल्याच मजुरांची. माझं माहेर खापरचं. तिथल्या बाजारात वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं, म्हणून डोंगरातल्या बायकांची भिली कानावर पडत मी मोठी झाले. वाटलं होतं, इथे ती उपयोगी पडेल. पण या मुलांची पावरी वेगळी निघाली. पहिल्याच दिवशी मी माझ्या भिलीत काहीतरी विचारलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. काय विचारलं गेलं होतं ते मला आजही कळलेलं नाही.

दोनेक वर्षांनी पुण्याहून एक मुलगी आली. शिक्षणानं आर्किटेक्ट, नोकरी एका मोठ्या कंपनीच्या फाउंडेशनमध्ये. जुन्या शाळा दुरुस्त करून पुन्हा नावारूपाला आणायच्या, असं त्यांचं काम होतं. इमारत आणि शिक्षक जिल्हा परिषदेचे. दुरुस्ती, साहित्य आणि काही वर्षांपुरते दोन जादा शिक्षक कंपनीचे, असा करार. ती सबंध दिवस भिंतींना हात लावत, कैच्यांकडे मान वर करून बघत फिरली. कुलूपबंद खोल्याही तिनं उघडायला लावल्या. संध्याकाळी डोक्यावरची जळमटं झटकत म्हणाली, "मॅडम, ही शाळा आजारी नाहीये. फक्त तिच्याकडे कुणी बघितलेलं नाही."

मला ते बोलणं जरा पुस्तकी वाटलं. पण कौलं बदलणार असतील तर माझी काही हरकत नव्हती.

गावात मात्र वेगळीच बातमी पसरली. बाजाराच्या दिवशी एका म्हातारीनं मला रस्त्यातच गाठलं. "काय ओ बाई, शाळा इकी टाकी का तुम्ही कंपनीले?"

"विकली नाही हो आजी. दुरुस्ती करताहेत."

"फुकट कोणी दुरुस्त करस का?" असं म्हणून ती पुढे गेली.

ग्रामसभेतही हाच प्रश्न निघाला. तेव्हा नाना उभे राहिले. सगळं गाव त्यांना नानाच म्हणायचं. केळीचे जुने बागायतदार, गुजर समाजाच्या समाजवाडीचे अध्यक्ष, आणि आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. घरात गुजरी, गल्लीत अहिराणी आणि माझ्याशी शाळेत शिकलेली मराठी, असं त्यांचं चोख होतं. ते म्हणाले, "सातबारा जिल्हा परिषदेचाच राहणार आहे, मी बघून आलो. आपल्याला करता आलं नाही ते दुसरं कोणी करत असेल तर आडवं कशाला जायचं?" नानांनी बघितलंय म्हटल्यावर लोक गप्प बसले.

काम सुरू करायचं तर शाळा रिकामी करून द्यायची होती. मुलं बसवायची कुठे? ग्रामपंचायतीनं पत्र्याची शेड दाखवली. उन्हाळ्यात तिथे गुरंही थांबली नसती. मी नानांकडे गेले आणि समाजवाडी मागितली.

समाजवाडी म्हणजे लग्नकार्याची इमारत. गावाच्या मध्यावर, पुढे ऐसपैस व्हरांडा, मागे चार खोल्या, नळ, स्वयंपाकघर. नानांनी विश्वस्तांना बोलावलं. एक जण म्हणाले, "वाडी खराब होईल." दुसऱ्यांनी तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. कुठली मुलं येणार हे सगळ्यांच्या मनात होतं, तोंडावर कुणी आणलं नाही. नाना बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "लग्नाचे वऱ्हाडी पान खाऊन कोपऱ्यात थुंकतात. ही पोरं निदान पान खात नाहीत." कुणीतरी हसलं आणि परवानगी मिळून गेली.

अशी आमची शाळा वाडीत भरायला लागली.

शाळेच्या इमारतीत आम्ही जाड भिंतींच्या आड होतो. आत काय चालतं ते गावाला दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला बघायचंही नव्हतं. इथे व्हरांड्यातच दोन वर्ग बसायचे. भाजी आणायला निघालेल्या बायका, दूध घालून परतणारी माणसं, पारावरचे म्हातारे, सगळ्यांच्या नजरेसमोर आमची शाळा चालायची. सुरुवातीला मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. आमच्या एका गुरुजींना मोबाइल बघायची सवय होती, ती पहिल्याच आठवड्यात सुटली. मला काही बोलावं लागलं नाही.

कंपनीच्या दोन शिक्षिका उत्साही होत्या. त्यांनी चित्रांची कार्डं आणली होती. एका कार्डावर बाग होती, फुगेवाला होता, बाकावर बसलेले आजोबा होते. मुलं कार्डाकडे बघून गप्प. मी पुण्याच्या मुलीला म्हटलं, "बाग म्हटलं की आमच्या मुलांना केळीची बाग दिसते. तिथे बाकावर बसतात का कुणी?" तिला ते पटायला वेळ लागला. साहित्य बदलायचं तर वरून मंजुरी लागायची. मग शिक्षिकांनीच मुलांना चित्रं काढायला लावली आणि त्याच चित्रांवर आधी पावरीत, मग मराठीत बोलायला लावलं. पावरीतला शब्द फळ्यावर लिहिला की मुलं आम्हाला दुरुस्त करायची. वर्गात आवाज वाढला. मुलं चुकायला लागली, भांडायला लागली आणि त्यातूनच वाचायला लागली.

नाना रोज सकाळी वाडीच्या पायरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. वाडी खराब होत नाही ना, हे बघायला येत असावेत. चौथीत एक मुलगी होती. बारीक, सावळी, केस घट्ट बांधलेली. तिची आई आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. पालकांतूनच अध्यक्ष निवडायचा असतो आणि कुणीच तयार नव्हतं, म्हणून तिचं नाव लागलं होतं. ही मुलगी वाचायला लागली की थांबायची नाही. एकदा तिनं नानांच्या मागे उभं राहून त्यांच्याच पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. नाना दचकले. मग खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाले, "वाच पुढे. माझा चष्मा नीट नाही."

चष्मा नीटच होता. पण त्या दिवसापासून पेपर तीच वाचायची.

तिकडे शाळेचं काम चाललं होतं. सिमेंट लावायचं नाही, जुनी भिंत चुन्यानंच सांधायची, असं पुण्याच्या मुलीचं म्हणणं. चुन्याचं काम जाणणारे गवंडी तिनं शोधून आणले. अंगणात चुना दळायची दगडी घाणी बसली. आम्ही मुलांना दर शनिवारी काम बघायला न्यायचो. वर्गखोल्यांच्या छताखाली नंतर कुणीतरी ठोकलेलं प्लायवूड काढलं तेव्हा वरचं सागवान जसंच्या तसं निघालं. मी दोन वर्षं त्याच छताखाली हजेरी घेतली होती आणि ते छत एवढं उंच आहे हे मला माहीत नव्हतं.

मधल्या हॉलवरून मात्र माझं आणि तिचं वाजलं. आराखड्यात त्याला 'वारसा दालन' म्हटलं होतं. जुने फोटो, जुनी घंटा, जुने बाक, काचेची कपाटं. माझ्या डोक्यात वेगळं होतं. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक येतात आणि आमची निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. मुलांना इथेच ठेवून घेण्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना होती; आमच्याकडे जागा नव्हती. मी म्हटलं, "तो हॉल मुलांना झोपायला द्या."

"मॅडम, मंजूर आराखड्यात बदल होत नाही," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? कंपनीला दाखवायला काहीतरी लागतं. पाहुणे येतात, फोटो निघतात, त्यावर पुढच्या शाळेचं काम मिळतं."

"मुलंच नसतील तर फोटोत कोण येणार?"

ती चिडली. मीही चिडले. आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो.

दिवाळीच्या सुटीआधी ती चौथीतली मुलगी आईला घेऊन आली. आईच्या कडेवर मुलीचा धाकटा भाऊ, तीनेक वर्षांचा. आईला मराठी कळायची, पण बोलताना ती पावरीतच बोलायची आणि मुलगी मराठीत सांगायची. समितीच्या बैठकीतही हेच चालायचं. त्या दिवशी आई दोन वाक्यं बोलली.  मुलीनं आधी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली, मग म्हणाली, "आई सांगते, दिवाळी झाली की आम्ही जाणार."

"कुठे?"

"बारडोलीकडे. उसाला."

"तूसुद्धा?"

हे तिनं आईला विचारलंच नाही. स्वतःच म्हणाली, "मी पण. आई-बा उसाच्या फडात गेले की ह्याला कोण सांभाळणार?"

मी आईला म्हटलं, "तुम्ही समितीच्या अध्यक्ष. तुमचीच मुलगी गेली तर मी बाकीच्यांना काय सांगू?"   आई न रागावता, मराठीत, तुटक बोलली, "बाई, ठेवू कुठं?"

 मी तशीच नानांकडे गेले आणि वाडीच्या मागच्या खोल्या मागितल्या, रात्रीसाठीही. नानांनी हात जोडले. "बाई, आता लग्नं सुरू होतील. तारखा दिल्यात लोकांना." मी बसून राहिले. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. चहा पिऊन झाला तरी मी उठले नाही. नाना म्हणाले, "कोण कोण राहतील?" मी नावं सांगत गेले. त्यात पेपर वाचणारीचं नाव आलं तेव्हा ते म्हणाले, "तीही जाते?" आणि मग, "लग्न असेल त्या दिवशी पोरं माझ्या खळ्यात झोपतील. पण वाडी झाडून परत द्यायची."

मी दुसऱ्या दिवशी आईच्या झोपडीवर गेले. म्हटलं, जागा झाली, जेवण सरकार देईल, धाकट्यालाही ठेवा, दिवसा अंगणवाडीत बसेल. आई ऐकत होती. मुलीकडे बघून तिनं एकच गोष्ट विचारली. मुलगी म्हणाली, "आई विचारते, रात्री कोण?"

योजनेत एक मदतनीस बाई असायची, पण तिची नेमणूक अजून व्हायची होती. मी म्हणाले, "मी."

तोवर मी तसा विचारही केला नव्हता. माझं घर शहाद्याला. नवरा एसटीतून निवृत्त झालेला. आयुष्यभर मुक्कामी गाड्या चालवल्यामुळे आता घरचं गरम जेवण हाच त्यांचा हट्ट. घरी जाऊन सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर बाहेर झोपलो, आता तुझी पाळी?" चेष्टेत म्हणाले नव्हते. चार दिवस बोलले नाहीत. मी वळकटी बांधून वाडीत राहायला आले, आणि ट्रक गेले. आया ट्रकमधून मुलांकडे बघत होत्या, मुलं हात हलवत होती. धाकटा दिवसभर रडला. बहीण त्याला कडेवर घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती.

पुढच्या रविवारी नवरा स्कूटरवरून आले. मागे त्यांचीच वळकटी बांधलेली. "मुलग्यांच्या खोलीत कोणी मोठं माणूस पाहिजे," एवढंच म्हणाले आणि आत गेले. हंगाम संपेपर्यंत तिथेच राहिले. मुलांना ते एसटीच्या गाड्यांचे आवाज काढून दाखवायचे. कुठली गाडी कुठल्या घाटात कशी कण्हते ते. मुलंही शिकली. कधीकधी संध्याकाळी सगळी वाडी अक्कलकुव्याची चढण चढायची.

पुण्याच्या मुलीला मी बोलावलं नव्हतं. एकदा काम संपवून जाताना ती डोकावली. मुलं जेवून हात धूत होती. चौथीतल्या त्या मुलीनं भावाला आंघोळ घातली होती, त्याचे केस विंचरले, त्याला मांडीवर झोपवलं आणि तो झोपल्यावर हळूच पाय बाजूला काढून पुस्तक उघडलं. पुण्याची मुलगी बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एखादी सतरंजी जास्त आहे का?" ती त्या दिवशी राहिली. मग आठवड्यातून दोन-तीनदा राहायला लागली. भाजी चिरता चिरता एकदा म्हणाली, "मी वरती बोलले. हॉलचं होणार नाही. पण साहेब येणार आहेत बघायला."

मध्ये सारंगखेड्याचा घोडेबाजार आला. नानांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून मुलांना नेलं. मुलांना घोड्यांपेक्षा घोड्यांच्या अंगावरच्या झुली आवडल्या. परत येताना पेपर वाचणारीनं नानांना विचारलं, "ह्या घोड्यांवर बसून कुठं जातात?" नाना म्हणाले, "कुठंच नाही. मिरवतात नुसते." तिला ते पटलेलं दिसलं नाही.

साहेब आले ते सरळ माणूस निघाले. सगळं बघून म्हणाले, "बाई, हॉल हॉलच राहील, ते मला बदलता येणार नाही. पण मागे ती पडकी इमारत कसली?" ती पूर्वीच्या गुरुजींची राहायची जागा. आराखड्यात ती पाडून गाड्या लावायला मोकळी जागा करायची होती. पुण्याची मुलगी पटकन म्हणाली, "सर, ती पाडायची नाही असं ठरवलं तर नव्यानं काही मागावं लागणार नाही. आहे तेच दुरुस्त होईल." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही दोघींनी आधीच ठरवलेलं दिसतंय," ते म्हणाले. आम्ही ठरवलं नव्हतं. ही कल्पना मलाही तिथेच कळत होती.

आया परत आल्या तेव्हा ऊन तापलं होतं. पेपर वाचणारीची आई ट्रकमधून उतरून थेट वाडीत आली. धाकट्यानं तिला पटकन ओळखलं नाही, बहिणीच्या मागे लपला. आई तिथेच पायरीवर बसली. मला वाटलं, आता ही मुलांना पुन्हा कधी ठेवून जाणार नाही. मी पाणी दिलं. थोड्या वेळानं तो आपणच जाऊन तिच्या मांडीवर बसला.

जूनमध्ये नवीन झालेल्या जुन्या शाळेचं उद्घाटन झालं. मंडप, भाषणं, कॅमेरे. आमच्या अध्यक्षबाई व्यासपीठावर बसल्या होत्या, नवीन लुगडं नेसून. पाहुण्यांनी त्यांच्या हातात पुष्पगुच्छ दिला. तो कुठे ठेवायचा ते न कळून त्यांनी सगळा कार्यक्रम होईपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

त्यानंतर आठवड्याभरात पिवळ्या बसमधली मुलं आमच्याकडे यायला लागली. लोक इमारतीमुळे आले हे खरं, पण वाडीच्या व्हरांड्यात त्यांनी वर्षभर जे बघितलं होतं, त्यामुळेही आले. ज्या म्हातारीनं शाळा विकली का म्हणून विचारलं होतं, तीही नातीला घेऊन आली. "मन्ही नात बी अठेच बसाडा," म्हणाली. कितीतरी वर्षांनी सगळ्या खोल्यांची दारं उघडी होती.

आणि मग बैठकीत ते आलंच. हॉलमध्ये, काचेच्या कपाटांसमोर सगळे पालक बसले होते. नानांच्या सूनबाईंनी विषय काढला. त्या शिकलेल्या, शांत बोलणाऱ्या. "बाई, आमची मुलं इंग्रजी शाळेतून आलेली आहेत. ह्या मुलांचं बरंच मागे राहिलेलं असतं, वर्षातून चार महिने जातात. दोघांचंही नुकसान होतं. वेगळी तुकडी केली तर बरं." बऱ्याच माना हलल्या. त्या वाईट हेतूनं बोलत नव्हत्या, म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं. मी म्हटलं, "तुकड्या मी पटावरून पाडते, घरावरून नाही. मागे राहिलेल्यांना पुढे आणायला दोन जादा शिक्षिका आहेत."

कुणाचं समाधान झालं नाही. कुजबुज वाढली. तेव्हा आमच्या अध्यक्षबाई पावरीत काहीतरी बोलल्या. मुलगी दाराशी उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, "आई सांगते, वेगळं बसवायचं असेल तर तिला अध्यक्ष ठेवू नका. वेगळ्यांची वेगळी अध्यक्ष करा."

कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं. नाना सुनेकडे न बघता उठले आणि म्हणाले, "मला केळीला पाणी द्यायचंय." ते गेल्यावर एकेक जण उठत गेला. ठराव काही झाला नाही. सोमवारी मी मुलं एकत्र करून तुकड्या पाडल्या.

काही पालकांनी मुलं काढून पुन्हा बसमध्ये बसवली. नानांच्या सूनबाई दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, पण मुलीला त्यांनी ठेवलं. त्यांची मुलगी आणि आमची पेपर वाचणारी एकाच बाकावर बसायच्या. मैत्रीबित्री काही झाली नाही. खिडकीकडच्या जागेवरून दोघी सतत भांडायच्या, आणि गणितात एकमेकींच्या वह्या झाकून ठेवायच्या. त्या ईर्ष्येत दोघींचं गणित सुधारलं.

गुरुजींच्या जागेतलं वसतिगृह पुढच्या हंगामात सुरू झालं. मदतनीस बाईही मिळाल्या. तरी नवरा अधूनमधून वळकटी घेऊन जायचे. एका वर्षी मंजुरी इतकी उशिरा आली की तोवर ट्रक निघून गेले होते. मुलंही गेली. त्या वर्षी मी खूप ठिकाणी खेटे घातले आणि उपयोग झाला नाही.

मग कराराची मुदत संपली. कंपनीच्या शिक्षिका गेल्या. पुण्याची मुलगी विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्या शाळेवर गेली. जाताना तिनं गवंड्यांकडून गावातल्या दोन तरुणांना चुन्याचं काम शिकवून ठेवलं होतं, म्हणून आता एखादी भेग पडली तर बुजवता येते. वारसा दालनातली काचेची कपाटं सरकवून मुलं पावसाळ्यात तिथे खो-खो खेळतात. ती परवानगी मी निवृत्त होण्याआधीच दिली होती. पेपर वाचणारी शहाद्याच्या सरकारी वसतिगृहात राहून दहावीला आहे. तिची आई अजून उसाला जाते. नाना गेल्या हिवाळ्यात गेले.

निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदावर एक सही राहिली होती, म्हणून परवा शाळेत गेले. नवीन मुख्याध्यापक धडगावकडचे, स्वतः पावरा. मी पोहोचले तेव्हा ते व्हरांड्यात पहिलीच्या मुलांना काहीतरी सांगत होते. पावरीत. मुलं मध्येच त्यांना अडवून काही विचारत होती, ते उत्तर देत होते, पुन्हा सगळे हसत होते. मी खांबाला टेकून उभी राहिले. मला त्यातलं फार कळलं नाही. ते संपवून आले, म्हणाले, "बाई, तुम्ही कधी आलात? बसा ना." मी म्हटलं, "तुमचं चालू द्या." सही झाली, चहा झाला. फाटकापाशी आले तर दुपारची एसटी लागलेलीच होती.